ओराझबेक आगांची लाजरी लाट

"आगा, तुम्ही बहिरे आहात हे खरं का?"

प्रश्न तोग्झानचा नव्हता. 'विचारून दाखव, मग नौरीझच्या सणाला स्टेजवर मधोमध तू उभी राहा,' अशी पैज दिल्नाझ आणि लेराने लावली होती आणि दुकानाच्या दारापर्यंत तिला ढकलत आणलं होतं. पण तोंडातून निघाल्यावर प्रश्न तिचाच झाला. आता त्या दोघी बाहेर, काचेला नाकं लावून खिदळत होत्या.

ओराझबेक आगांनी मान वर केली. "काय?"

"तुम्ही बहिरे..."

"ऐकलं पहिल्यांदाच. दुसऱ्यांदा विचारायची हिंमत आहे का, ते बघत होतो." आगांनी चष्मा कपाळावर सरकवला. "डाव्या कानाने काही नाही. उजव्याने जाडजाड आवाज तेवढे. बत्तीस वर्षं खाणीत टेलिफोन दुरुस्त केले, बारीक आवाज तिथेच खाली राहून गेले. आता काम सांग. आणि त्या दोन चिमण्यांना हाकल, काच खराब करतायत."

तोग्झानने पिशवीतून पेडल काढून टेबलावर ठेवलं. बुटाएवढा डबा. वाजवलेला सूर पोटात घेतो, एकाकडून दुसऱ्याकडे बादल्या द्याव्यात तसा आतल्या आत पुढे सरकवतो आणि थोड्या वेळाने परत पाठवतो. मागच्या आठवड्यात आगांनीच तो लावून दिला होता. पण परत येणारा सूर चिरका यायला लागला होता, जणू कोणी घशात वाळू घेऊन गातंय. चार वाजता स्टेजवर आवाज तपासायचा होता आणि आता अडीच झाले होते. पेडल नीट वाजलं नाही तर उपमुख्याध्यापिका रेकॉर्ड लावणार आणि तिघींनी नुसते हात हलवायचे, असं ठरलेलं होतं. करागंडा शहराच्या भर चौकात, आई, म्हणजे आपा, आणि पापांच्या समोर!

"मी लावलंय म्हणजे ते नीटच आहे," आगा म्हणाले.

"कानांनी लावलंत?"

"डोळ्यांनी." त्यांनी सोव्हिएत काळातल्या ऑसिलोस्कोपचं बटण दाबलं. हिरवा ठिपका उगवला, पसरला आणि गुळगुळीत लाट झाला. शेजारच्या दुसऱ्या डब्यातून ठरावीक सूर पेडलमध्ये जात होता आणि पेडलमधून निघालेला सूर पडद्यावर दिसत होता. "बघ. कुठे खोट आहे? कान खोटं बोलतात, पडदा बोलत नाही. आणि पाय हलवू नकोस, लाट थरथरते!"

तोग्झानने पाय दाबून धरला. लगेच दुसरा हलायला लागला. फोन वाजला. लेराचा निरोप: 'झालं का? बाईंनी रेकॉर्ड मागवलंय!!!'

पिशवीत नववीनंतरच्या नर्सिंग कॉलेजचा अर्जही होता. आपाने सगळा भरून दिला होता, फक्त सही बाकी होती. सकाळपासून तो अर्ज तिच्या पाठीला टोचत होता.

तिने आपला दोन तारांचा, लांब मानेचा दोंब्रा काढला, आवाज पकडायला आत चिकटवलेल्या चकतीची वायर पेडलमध्ये घातली आणि हळूच दोन सूर छेडले. साफ. मग उजव्या हाताची सगळी बोटं उघडून तारांवर सपासप मारली, जसं कुरणातून घोडे सुटतात. पेडल खरखरलं.

"हे! हे ऐकलंत?"

"नाही," आगा शांतपणे म्हणाले. त्यांनी स्पीकरवर तळवा ठेवला. "थरथर आहे. खरखर मला कुठून कळणार? पण दोंब्रा कशाला घातलास यात? ही भिंतीवर टांगायची वस्तू. यात गिटार घालतात."

आगा चहात दूध घालायला वळले. तोग्झानची नजर सूर देणाऱ्या डब्याकडे गेली. त्याच्या बटणाशेजारी रंगाचा एक ठिपका होता आणि काटा बरोबर त्या ठिपक्यावर. गिटारएवढ्या जोराचा सूर. येणारं प्रत्येक पेडल याच ठिपक्यावर तपासलं गेलं होतं.

'कशालाही हात लावायचा नाही' अशी पाटी समोरच होती. तिने दोंब्राची वायर काढून त्या डब्याची घातली आणि बटण फिरवलं. ठिपक्याच्या पुढे, आणखी पुढे.

लाट वाढली. आणि तिचा तळ सपाट झाला, कोणी सुरीने कापल्यासारखा. वरचा भाग मात्र गोलच.

"आगा! तुमची लाट लाजरी होती! माझा दोंब्रा लाजत नाही!"

आगा वळले. कपातला चहा सांडला, त्यांचं लक्षच नव्हतं. चष्मा डोळ्यांवर ओढून ते पडद्यावर वाकले.

"हात लावलास," ते म्हणाले.

"लावला."

"चौघांनी पेडलं परत आणली माझ्याकडे. दोंब्रावाले. मी त्यांना म्हटलं, कान धुऊन या." त्यांनी प्लास्टिकचा स्क्रू-ड्रायव्हर तिच्या हातात दिला. "तो निळा स्क्रू. केसाएवढा फिरव. लाट वर आणि खाली सारखी कापली गेली की थांब."

"मी?"

"मग काय मी? मला सांगता येणार नाही खरखर गेली की नाही."

तिने स्क्रू केसाएवढा फिरवला. तळ गोल होत गेला, माथा चपटा होऊ लागला. जास्त झालं! ती मागे आली. आता दोन्हीकडे सारखं. आगांनी सुराचा जोर दोंब्राएवढा उतरवला आणि लाट पुन्हा पूर्ण गोल झाली.

तिने दोंब्रा जोडला आणि बोटं उघडून मारलं. सूर परत आला, पुन्हा आला, विरत गेला. वाळूचा कणही नाही.

"गेली?" आगांनी विचारलं. त्यांचा चेहरा परीक्षेचा निकाल ऐकायला उभ्या राहिलेल्या मुलासारखा झाला होता.

"गेली, आगा!"

"शनिवारी ये. चौघांना फोन करतो."

चौकात ती पोचली तेव्हा चाराला पाच मिनिटं होती. आवाज तपासून झाला आणि कार्यक्रमात तिने मधोमध उभं राहून वाजवलं. दिल्नाझ मागून पुटपुटली, "पैज जिंकली ग बाई, पण मान जरा कमी ताठ कर." रेकॉर्ड तसंच टेबलावर पडून राहिलं.

खाली उतरल्यावर पापांनी तळलेल्या गरम बावर्साकची पिशवी पुढे केली. आपाने तिची टोपी नीट केली आणि म्हणाली, "अर्जावर सही केलीस ना? सोमवारी द्यायचाय."

तोग्झानने अर्ज काढला, सही न करताच परत आपाच्या हातात ठेवला आणि एका दमात म्हणाली, "आपा, पापा, मी नर्स होणार नाही. नववीनंतर पॉलिटेक्निकला जाणार, इलेक्ट्रॉनिक्सला. आणि शनिवारपासून ओराझबेक आगांकडे."