बैठकीत कोणी नाही

मरझूकनं हयातभर कुवेतमधल्या शुवैखच्या बंदरात टगबोट चालवली. डोंगराएवढाली जहाजं दोरानं ओढून धक्क्याला आणून लावायची, आणि एखादं वाकडं यायला लागलं की आईबापाच्या थाटात त्याला दटावायचं, असा त्याचा खाक्या. बंदरात त्याचा आवाज भोंग्याच्याही वर जायचा म्हणतात. पण निवृत्त झाला आणि घराच्या पुढच्या अंगाला पुरुषांची जी बैठक होती, तिच्या कोपऱ्यातल्या गादीवर त्यानं नांगर टाकला तो टाकलाच. सकाळचा चहा तिथं, वर्तमानपत्र तिथं, दुपारची डुलकीही तिथंच.

आधी असं नव्हतं. दर मंगळवारी संध्याकाळी ती बैठक माणसांनी फुलून जायची. दारात चपलांचा ढीग, पत्त्यांचे डाव, आरडाओरडा. मग एकदा मरझूक समुद्रावरून हातभर लांबीचा हामूर मासा घेऊन आला आणि त्यानं तो सगळ्यांना मिरवून दाखवला. तेव्हा बू सक्र, त्याचा चाळीस वर्षांचा दोस्त, बंदरातला क्रेनवाला, भर बैठकीत म्हणाला, "गळाला लागलेल्या माशाच्या कल्ल्यात बाजारातला बर्फ कसा रे अडकला?" सगळे पोट धरून हसले. मरझूक हसला नाही. "बोटीत बर्फाची पेटी असते, हे क्रेनवर लोंबकळणाऱ्याला काय कळणार!" असं म्हणून तो उठला. दोघांनी अबोला धरला. पुढच्या मंगळवारी बू सक्र आला नाही, त्याच्या पुढच्या मंगळवारी आणखी दोघं आले नाहीत, आणि हळूहळू बैठक सुनी पडली. बू सक्रचं घर पुढच्याच गल्लीत. तरी दोन वर्षांत दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं ते मशिदीत, आणि तेही मान वळवायच्या आत.

त्या वर्षी उन्हाळा लागता लागता धाकटी लेक दलाल घरी आली. ती इमारतींच्या वातानुकूलनाचीच इंजिनीअर. "बाबा, तुमची ती जुनी यंत्रणा रात्रंदिवस नुसती घरघरते. माणूस असो नसो, घर गारच," असं म्हणून तिनं भिंतीवरची जुनी बटणं काढली आणि तिथं बशीएवढी, काळ्या काचेची दोन गोल यंत्रं बसवली. एक आतल्या घराला, एक बैठकीला. उन्हाळ्यात किती गार, हिवाळ्यात किती ऊब, कधी चालू, कधी बंद, ते सगळं ती आपलं आपण बघणार. वर दलालला तिच्या घरी बसून फोनवर दिसणार.

"म्हणजे आता घरात किती थंडी ठेवायची हेही मला विचारणार नाही का?" मरझूक म्हणाला.

"विचारील ना. त्याला तुमच्या सवयी तेवढ्या कळू देत."

त्याला सवयी कळल्या, पण भलत्याच. ऑगस्टातल्या एका सकाळी, बाहेर दाराची कडी हाताला चटका देत होती अशा वेळी, मरझूकच्या लक्षात आलं की मानेवरून घामाचा ओघळ चाललाय. वरून येणारी गार हवा बंद. त्यानं चष्मा लावला आणि गादीवरूनच त्या काचेकडे पाहिलं. तिच्यावर ठळक अक्षरांत आलं होतं: बैठकीत कोणी नाही.

त्यानं तडक लेकीला फोन लावला.

"दलाल, तुझं यंत्र बिघडलं."

"काय झालं, बाबा?"

"काय झालं म्हणून काय विचारतेस? हवा बंद. अंगातला दिशदाशा घामानं चिकटलाय. आणि वर ते म्हणतंय, बैठकीत कोणी नाही! मग मी कोण? भूत?"

पलीकडून दाबून ठेवलेलं हसू फुटलं.

"बाबा, त्यात एक डोळा आहे. माणूस हलताना दिसला की त्याला कळतं, कोणीतरी आहे. बराच वेळ काहीच हललं नाही की त्याला वाटतं, गेले सगळे, उगाच वीज कशाला जाळा. तुम्ही जरा हलत जा ना."

"मी हलतो की."

"कधी?"

तेवढ्यात त्याची बायको लुलवा पायात बूट घालून दाराशी आली. रोज सकाळी ती मैत्रिणींबरोबर मॉलमध्ये चालायला जायची. तिनं सगळं ऐकलं होतं.

"अहो बू नायिफ, दोन वर्षं मी घसा कोरडा करून हेच सांगतेय," ती म्हणाली. थोरल्या नायिफचा बाप म्हणून ती त्याला याच नावानं हाक मारायची. "माझं नाही ऐकलंत. आता भिंत बोलली. तिचं तरी ऐका."

"बाबा, तो डोळा बंद करून टाकू का?" फोनमधून दलाल म्हणाली. "इथून एका मिनिटात होईल."

"खबरदार हात लावशील तर!" मरझूक गरजला. बंदरातला तो जुना आवाज इतक्या दिवसांनी बाहेर पडला, आणि त्याचं त्यालाच दचकायला झालं. "अख्खी जहाजं माझं ऐकायची. या बशीला मी आहे की नाही ते मी दाखवतो."

लुलवा हसत हसत निघून गेली. मरझूकनं आधी गादीवर बसूनच तसबीहची माळ गरागरा फिरवली. काच ढिम्म. वर्तमानपत्र फडफडवलं. तरी कोणी नाही. शेवटी तो गुडघ्यावर हात टेकून, "या अल्ला" म्हणत उठला, आणि भिंतीपाशी जाऊन उभा राहिला. काच उजळली. वरून भस्सकन गार वारा आला. मरझूकला जग जिंकल्यासारखं वाटलं.

मग रोजचं होऊनच बसलं. सुरुवातीला तो नुसता या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत येरझारा घालायचा. पण बोटीवर दोन पावलांच्या जागेत जन्म काढलेला माणूस. नुसतं चालायचं म्हणजे त्याला ओझं. एके दिवशी त्यानं रेडिओ लावला. जुनी दर्यावर्दी गाणी चालली होती, ढोलांवर ताल घुमत होता. मरझूकनं दार आतून लावून घेतलं, कोपऱ्यातली काठी तलवारीसारखी खांद्यावर घेतली, आणि लग्नात पुरुषांची रांग जसा 'अर्धा' हा तलवारीचा नाच नाचते तसा एक पाय पुढे, एक मागे, डुलत डुलत नाचायला लागला. आधी गुडघे कुरकुरले, मग गप्प बसले. गाणं संपलं तेव्हा त्याला धाप लागली होती आणि ओठांवर हसू होतं. बैठक तर अशी गार झाली होती की डोक्यावरचा गुत्रा कानांवरून ओढून घ्यावा.

त्या दुपारी त्यानं मजबूसचा भात दुसऱ्यांदा वाढून मागितला. लुलवानं डोळे बारीक करून पाहिलं, पण बोलली नाही.

आठवड्याभरानं दलालचा फोन आला. "बाबा, हल्ली बैठकीत कोणाची पोरं येतात का खेळायला?"

"का गं?"

"यंत्र दाखवतंय, तिथं सकाळी भलतीच धावपळ असते."

"येतात," मरझूक गंभीरपणे म्हणाला. "शेजारची. फार वांड आहेत."

असं सगळं सुरळीत चाललं असताना बू सक्रच्या घरची थंड हवा बंद पडली. बंद म्हणजे साफच. छतावरचं मोठं यंत्र जळालं, आणि नवा भाग यायला काही दिवस लागणार, असं कारागीर सांगून गेला. ऑगस्टात कुवेतमध्ये असं घर म्हणजे पेटलेली भट्टी. त्याच्या बायकोनं, उम्म सक्रनं, लुलवाला फोन केला. त्या दोघींनी नवऱ्यांच्या भांडणाला कधी जुमानलंच नव्हतं.

"ती दोघं दिवसभर आपल्याकडे राहणार आहेत," लुलवानं नवऱ्याला सांगितलं. "ती आत माझ्याजवळ बसेल. ते बैठकीत."

"कोण ते?"

"ते म्हणजे ते. आणि हे बघा, दारात आलेल्या पाहुण्याला तोंड वाकडं करून दाखवाल तर संध्याकाळी तुम्हालाच दार बंद होईल."

पाहुण्यापुढे इलाज नसतो. बू सक्र आला. उन्हातून आल्यानं तोंड लालबुंद, गुत्रा ओलाचिंब. "सलाम अलैकुम," तो जमिनीकडे बघून म्हणाला. "अलैकुम सलाम," मरझूक छताकडे बघून म्हणाला. आणि दोघं समोरासमोरच्या गाद्यांवर बसले.

मरझूकनं कॉफीची सुरई उचलली आणि पहिला पेला भरून दिला. पेला रिकामा झाला की पाहुण्यानं तो हलवून दाखवायचा, म्हणजे पुरे. बू सक्रनं हलवला नाही, नुसता पुढे धरला. मरझूकनं पुन्हा भरला. त्यानं पुन्हा धरला. बोलायचं नाही, पण कॉफीही सोडायची नाही, असा त्याचा हट्ट. शेवटी सुरईच संपली. मग दोघंही हात मांडीवर ठेवून, पाठ ताठ करून बसले. एखादं चित्र काढायला बसवल्यासारखे. कोणी खोकलंसुद्धा नाही. जो आधी हलेल तो हरला, असं दोघांनाही मनोमन वाटत असावं.

यंत्रानं बराच वेळ वाट पाहिली. मग टक् आवाज झाला आणि वरचा वारा थांबला.

मरझूकला ठाऊक होतं, उठून दोन पावलं टाकली की झालं. पण याच्यासमोर? तो तसाच बसून राहिला. कपाळावर घाम आला. समोर बू सक्रच्या नाकाच्या शेंड्यावर एक थेंब जमला, लोंबला, टपकन पडला. दुसरा जमला. बू सक्रची नजर हळूच वर हवेच्या जाळीकडे गेली, मग भिंतीवरच्या काचेकडे, मग मरझूककडे.

"तुझंही जळालं वाटतं," तो म्हणाला.

दोन वर्षांतलं ते पहिलं वाक्य.

"जळालं नाही," मरझूक म्हणाला. "त्याला वाटतंय, इथं कोणी नाही."

"म्हणजे?"

"ते हलणारी माणसं मोजतं. आपण दोघं बसलोय, आणि त्याच्या लेखी बैठक रिकामी आहे."

बू सक्रनं ती काच नीट वाचली. त्याचे गाल थरथरले. आधी खांदे हलले, मग पोट, आणि मग तो असा हसत सुटला की मागच्या तक्क्यावर उताणाच पडला. "दोन म्हातारे... ऐंशी ऐंशी किलोचे... आणि कोणी नाही म्हणे!" मरझूकनं ओठ घट्ट मिटून पाहिले. जमलं नाही. त्यालाही हसू आलं आणि मग आवरेना. दोघं डोळे पुसत होते, घाम कोणता आणि पाणी कोणतं ते कळत नव्हतं.

"मग त्याला कळवायचं कसं, लेका?" बू सक्रनं विचारलं. "अर्ज करू का?"

मरझूक उठला. त्यानं रेडिओ लावला आणि काठी खांद्यावर घेतली. "ऊठ."

"काय करतोस?"

"ऊठ म्हणतो ना. क्रेनवर बसून बसून कंबर धरली असेल तर सांग."

"माझी कंबर?" बू सक्र एका झटक्यात उभा राहिला. काठी नव्हती, म्हणून त्यानं दाराशेजारची छत्री उचलली. दोघं खांद्याला खांदा लावून उभे राहिले. एक पाय पुढे, एक मागे. जाळीतून वारा सुटला. "आला, आला!" बू सक्र पोरासारखा ओरडला आणि त्यानं छत्री गर्रकन फिरवली. मरझूकनं तिप्पट आवाजात सूर लावला.

गलका ऐकून लुलवा आणि उम्म सक्र धावत आल्या. त्यांना वाटलं, हाणामारी झाली. दार उघडून पाहतात तो एक काठी आणि एक छत्री हवेत, दोन म्हातारे घामाघूम, आणि तोंडानं "हे हो, हे हो" चाललेलं.

"दलालनं सांगितलेल्या या वांड पोरांची आई कुठंय?" लुलवानं विचारलं.

"आई गं!" उम्म सक्र भिंतीला टेकली. "लग्नातसुद्धा हा माणूस असा नाचला नव्हता."

"तेव्हा गार वारा कुठं होता?" बू सक्र नाचता नाचताच म्हणाला.

पुढं बू सक्रच्या छतावर नवा भाग बसला, घर गार झालं, तरी तो रोज सकाळी येतच राहिला. स्वतःच्या घरात एकट्यानं नाचलं तर बायको डॉक्टरकडे नेईल, असं त्याचं म्हणणं. हामूर माशाचा विषय निघायचाच. मरझूक अजूनही शपथेवर सांगायचा, गळालाच लागला होता, आणि बू सक्र अजूनही बर्फाचं विचारायचा. मग दोघं घसा ताणून भांडायचे आणि जेवायला एकाच ताटात बसायचे.

सप्टेंबरातल्या एका मंगळवारी मरझूकनं सगळ्या जुन्या मित्रांना निरोप धाडले. कोणाला ठाऊक किती येतील, म्हणून त्यानं खजूर थोडेच काढले. सगळे आले. येताना पोरांना, जावयांनाही घेऊन आले. चपलांचा ढीग पायरीवरून खाली अंगणात गेला. कोणी ढोल आणला, कोणी डफ. दलाल सासरहून भावाबहिणींना घेऊन आली. बैठकीच्या दाराच्या फटीतून तिनं आत डोकावून बापाला पाहिलं आणि तोंडावर हात धरून आतल्या घरात पळाली.

आतल्या घरात बायका केक कापत होत्या. केशराचा वास सुटला होता. भिंतीपलीकडून टाळ्यांचा ताल आला. उम्म सक्रनं मांडीवर बोटांनी ताल धरला. दलालच्या लहान लेकीनं चमचे वाजवायला घेतले. लुलवानं हातातली सुरी खाली ठेवली.

"सगळी मजा त्यांनीच करायची काय?" ती म्हणाली.

तिनं खुर्च्या भिंतीला सरकवल्या, कपाटातला जरीचा लांब झगा काढून अंगावर चढवला, केस मोकळे सोडले, आणि मान डावीकडून उजवीकडे झुलवत खोलीच्या मधोमध उतरली. उम्म सक्रनं तोंडानं अशी लांब लकेर मारली की बैठकीतला ढोल क्षणभर थांबला. मग दुप्पट जोरानं वाजायला लागला.