दोरीचं दुसरं टोक

अठ्ठावन्न साली कवठे येमाईत शाळेचं बांधकाम निघालं. भिंतीचा एक कोपरा माझा, दुसरा दौंडहून आणलेल्या सुभान गवंड्याचा. गावातली चाळीस घरं माझ्या हातची, तरी येणारा-जाणारा थांबायचा तो सुभानच्या कोपऱ्यापाशी. "काय हात हाय गड्याचा!" मी काय तिथं म्हशी राखायला बसलो होतो? खरं सांगतो, जळत होतो मी.

त्यात सरपंच बापूसाहेबांनी जाहीर केलं, "शुक्रवारी दुपारी ओव्हरसियर येणार हायती. ज्याचं काम सरळ, त्यानं दाराची कमान बांधायची." भिंत कुणी बांधली हे कुणी विचारत नाही. कमान कुणाची, हे पोरंसुद्धा विचारतात. ती मला हवी होती.

शुक्रवारी सुभान हात धुऊन नमाजाला गेला. आजूबाजूला कुणी नाही बघून मी त्याच्या कोपऱ्यावरची वरची वीट उचलली, खालचा ओला चुना खरवडला आणि वीट अर्धं बोट खाली बसवली. जिच्या रेषेत मधल्या विटा लावतात ती दोन कोपऱ्यांमधली दोरी पुन्हा ताणली. आता त्याचा थर उतरणार आणि ओव्हरसियरच्या पाणसळीत, त्या बुडबुड्याच्या पट्टीत, सापडणार! मग मला जोरच चढला. तो यायच्या आत पुढं जायचं म्हणून माझ्या कोपऱ्यापासून दोरी धरून विटा लावत सुटलो. चांगल्या तीस लावल्या.

सुभान आला. कोपऱ्यावर नुसता तळवा ठेवला आणि थबकला. वीट काढली, चुना भरला, परत बसवली. दोरी वर गेली आणि माझा थर तिच्याखाली उतरत गेलेला दिसला. उभा जन्म दोरीवर विटा लावल्या. पण त्याच्या टोकाला खाली ओढलेली दोरी माझ्याही विटा खाली नेणार, हे काही डोक्यात आलं नाही. मत्सरानं डोळे फुटले होते, दुसरं काय!

तेवढ्यात ओव्हरसियर आले. पाणसळ ठेवली.

"हा थर कुणाचा?"

"माझा," मी म्हणालो.

"उतरवा. कमान सुभान बांधेल."

सुभाननं माझ्याकडं एकदाच पाहिलं. "मामा, चुना ओला हाय तवर काढू. मी बी लागतो संगं."

दोघं विटा काढून साफ करत बसलो. माझ्या दोन होईपर्यंत त्याच्या तीन व्हायच्या. त्याचा ढीग वाढत गेला आणि लाज वाटायची सोडून माझ्या पोटात पुन्हा दुखायला लागलं.