व्हॉइस टेस्टची प्रॅक्टिस

“अंकल, एक साल का डिप्लोमा, फिर बिटिया सीधी टॉवर में,” करोल बागेतल्या क्लासचा माणूस म्हणाला. मी तिथल्या तिथे माझ्या मुलीचं, स्वरूपाचं नाव घातलं. निहारच्या आधी मला रस्ता सापडला, एवढंच डोक्यात होतं.

निहार समोरच्या क्वार्टरमधल्या शुभदावहिनींचा मुलगा. विमानतळाच्या टॉवरमध्ये कंट्रोलर आहे. कुठल्या विमानाने कधी उतरायचं, किती उंचीवर राहायचं, ते सांगतो. स्वरूपालाही तेच व्हायचंय. माझी बायको अलका गेल्यापासून ती कॉलेजातून आली की बॅग आमच्याकडे टाकते आणि त्यांच्याकडे जाते. जेवायला हाक मारावी लागते. पुष्कळदा जेवूनच येते.

त्या संध्याकाळी क्लासचं माहितीपत्रक घेऊन मी थेट त्यांच्याकडेच गेलो. सगळ्यांसमोर द्यायचं होतं.

“अच्छा... पण बाबा, हे चालत नाही,” स्वरूपा म्हणाली.

“का नाही चालत? मी स्वतः विचारून आलोय.”

“काका, बाहेरच्या डिप्लोमाने कंट्रोलर होता येत नाही,” निहार म्हणाला. “फिजिक्स-मॅथ्सची डिग्री लागते, ती हिची होतेच आहे. मग एअरपोर्ट अथॉरिटीची भरती निघते. आधी परीक्षा, मग व्हॉइस टेस्ट वगैरे. निवड झाली की ट्रेनिंग तेच देतात. प्रयागराजला, हैदराबादला, नाहीतर आपल्या गोंदियाला.”

“करोल बागेत गाडीचे पार्ट मिळतात भावजी, विमानाचे नाही,” वहिनी म्हणाल्या.

स्वरूपा हसली. मोठ्याने हसली. तिचं असं हसू मी किती महिन्यांत ऐकलं नव्हतं, आणि ऐकलं ते त्यांच्या घरात.

“बापाला कशाला विचारायचं मग? निहार आहेच,” म्हणून मी उठलो.

ती मागोमाग जिन्यात आली.

“काय यार बाबा, लहान मुलासारखं करतोस.”

“आपल्या घरी अभ्यास होत नाही का तुझा?”

“अभ्यास होतो. व्हॉइस टेस्टची प्रॅक्टिस होत नाही. स्पष्ट, मोकळं बोलावं लागतं. आपल्याकडे माझा आवाजच निघत नाही.”

“का?”

“आई झोपलेली असायची ना.”

आजारपणात अलकाला भांडं वाजलेलंही सोसायचं नाही. आम्ही दोघं कुजबुजत वागायला शिकलो, आणि ती गेल्यावरही तसंच चालू राहिलं. आत्ता जिन्यात भांडत होतो, तेही कुजबुजतच.

“निहार काय करतो प्रॅक्टिसला?”

“पायलट होतो. मी सांगितलेलं पायलटने परत म्हणून दाखवायचं. चुकला की मी टोकायचं.”

“मला जमेल.”

“तुझं इंग्लिश, बाबा...”

“साहेबाचं समजतं, तुझं नाही समजणार?”

घरी ती भिंतीला टेकून उभी राहिली. मी खुर्चीत.

“डिसेंड टू फाइव्ह थाउजंड फीट.”

“ओके, मॅडम.”

“ओके बिल्कुल चालत नाही! काय करणार, किती उंचीवर येणार, सगळं म्हण.”

“डिसेंडिंग टू फाइव्ह थाउजंड फीट.”

“ऐकू आलं नाही. मोठ्याने.”

तिचा आवाज घरभर घुमला. निहारलाही ती असंच दरडावत असेल, हे मनात आलंच. मी सवयीने आतल्या खोलीचं दार लोटायला उठलो. दाराला हात लावला आणि तसाच थांबलो.

आत पलंगावरची गादी गुंडाळून ठेवलेली होती.

“बाबा, परत!”

मी दार उघडंच ठेवलं आणि तिथूनच ओरडून सांगितलं, खाली येतोय म्हणून.