लग्नाची तिसरी तारीख

शंभूराज बेळ्ळंदूरच्या एका कंपनीत व्हिडिओ गेम बनवायचा. गेम बाजारात आला की सौम्याशी लग्न, असं दोन्ही घरांनी ठरवलं होतं. पण गेमची तारीख दोनदा पुढे गेली आणि तिच्यामागोमाग लग्नाचीही.

मे महिन्यात त्याने तिसऱ्यांदा फोन केला. "आणखी स्वल्प थांबू या. आषाढ संपला की नक्की."

"सरी, ठीक आहे," सौम्या म्हणाली आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती यशवंतपूरहून दोन बस बदलून त्याच्या ऑफिसखाली आली. सात आठवडे त्याला एकही रविवार मिळाला नव्हता. अंगात कालचाच शर्ट होता.

"वीस मिनिटं आहेत," तो म्हणाला आणि लगेच ओशाळला.

"पुरेत. काल तू थांबू या म्हणालास ना, तेव्हा मला वाईट नाही वाटलं, शंभू. हायसं वाटलं."

"दमलीयेस तू. एवढं संपू दे, मग..."

"गेल्या महिन्यात अप्पा चार दिवस दवाखान्यात होते. तुला कळवायचं माझ्या लक्षातही आलं नाही. ज्याच्याशी लग्न करायचं, त्यालाच कशी विसरले मी? मला नाही जमणार आता."

त्याचा फोन वाजत राहिला. त्याने उचलला नाही. ती गेली तरी तो तिथेच उभा होता.

वर गेला तर टीमचा प्रमुख त्रिविक्रम सगळ्यांना सांगत होता, "गेम आता पुढच्या वर्षी. शनिवार-रविवार घरी जा सगळे." कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

शनिवारी सकाळी शंभूराज सौम्याच्या घरी गेला. तिचे वडील नागोजी पार खंगले होते. त्यांनी स्वतः कॉफी आणून दिली.

"मामा, मला कळलंच नाही हो."

"असू दे. कामात होतास."

तेवढ्यात आतल्या खोलीतून सौम्याच्या हसण्याचा आवाज आला. मैत्रिणीशी फोनवर बोलत असावी. इतकं मोकळं हसताना त्याने तिला वर्षभरात ऐकलं नव्हतं. नागोजी अवघडले.

"बोलवू का तिला?"

"नको, मामा. हसू दे."

कॉफी कशीबशी संपवून तो उठला आणि जिना उतरून शेवटच्या पायरीवर बसला. नऊही वाजले नव्हते. आख्खा दिवस मोकळा होता, आणि कुठे जावं ते त्याला सुचेना.