धक्क्यावरचे बूट

शिडाच्या होड्यांवर घर करून राहणाऱ्या माणसांची शिस्त एरवी यथातथाच. पण एक नियम धक्क्यावर सगळे पाळतात: होडीवर चढण्याआधी पायातलं काढून खाली ठेवायचं. नाहीतर फळ्यांवर ओरखडे उठतात. शिवाय बाहेरचे जोड पाहिले की कोण घरात, कोण बाहेर ते कळतं, हाका मारून घसा फोडावा लागत नाही.

वहिनींच्या होडीपाशी दोन जोड असायचे. एक त्यांच्या निळ्या सपाता, दुसरे नवऱ्याचे टाचा झिजलेले रबरी बूट. नवऱ्याला सगळे कप्तान म्हणत, म्हणजे चिडवत. दोघांच्या होडीवर एक कप्तान आणि हुकूम सोडणार वहिनी! तो कप्तान जाऊन महिना होत आला, तरी बूट होते तिथेच होते. येणारे-जाणारे वळसा घालून जायचे. उचला म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

वहिनींना रडू येत नव्हतं. दाताच्या डॉक्टरने सुई टोचल्यावर गाल आपला असून आपला वाटत नाही, तसं सगळं अंग झालं होतं. सकाळी तळातलं पाणी उपसायचं, दोर तपासायचे, दोन घास गिळायचे, पडून राहायचं. कळवायचं ते शेजारणीने परस्पर सगळ्यांना कळवलं होतं. वहिनींनी आपल्या तोंडाने ती गोष्ट अजून एकदाही उच्चारली नव्हती. ती उच्चारावी लागेल, एवढीच भीती त्यांच्यात शिल्लक होती.

आणि दुपारी दाढी आला.

दाढी हा कप्तानचा जिवाभावाचा दोस्त. वर्षातले आठ महिने एकटा समुद्रावर, फोन नाही, पत्ता नाही. धक्क्याला लागला की तोंडही न धुता आधी इथे यायचा. त्याने दोन जोड पाहिले आणि होडीच्या कुशीवर थापा मारल्या.

"काय रे आळशा, दिवसाढवळ्या घोरतोस होय!"

"या," वहिनी सवयीने म्हणाल्या.

दाढी वाकून आत शिरला. "कुठंय आमचा कप्तान?"

"बाजारात. दोर आणायला," वहिनींच्या तोंडून निघून गेलं. खोटं बोलल्याचंही त्यांना काही वाटलं नाही. त्यांनी चहा टाकला, तीन कप भरले, तिसऱ्यावर बशी झाकली.

दाढीच्या तोंडाला कुलूप कधीच नसायचं. वादळ आलं, शीड फाटलं, चार दिवस नुसती बिस्किटं खाल्ली, सगळं सांगून झालं. मग त्याने पिशवीतून एक पितळी कप्पी काढून झाकलेल्या कपाशेजारी ठेवली.

"जुनी आहे, पण काय फिरते बघा! गेल्या खेपेला माझं डोकं खाल्लं होतं यानं हिच्यासाठी."

वहिनींनी बोटाने चाक फिरवलं. आवाज न करता ते फिरत राहिलं. आता सांगावं, त्यांना वाटलं. ओठ हललेच नाहीत.

चहा गार झाला. दाढी उठला. "दोर विकत घेतोय की वळत बसलाय? मीच आणतो धरून. बसा तुम्ही."

तो बाहेर गेला. आपले बूट चढवतानाचा आवाज आला आणि अर्ध्यातच थांबला. मग पाणी ओतल्यासारखं काही.

वहिनी अनवाणीच धक्क्यावर उतरल्या. एका पायात आपला बूट, हातात कप्तानचा, असा दाढी उभा होता. मागच्या आठवड्यातल्या पावसाचं पाणी त्यातून अजून ठिबकत होतं.

"वहिनी," तो हळूच म्हणाला, "याचे बूट तर मघापासून इथेच आहेत. अनवाणी गेला का हा बाजारात?"

"अनवाणीच नेलं त्याला, भावोजी," वहिनी म्हणाल्या. "मागल्या महिन्यात. छातीत कळ आली. स्ट्रेचरवाल्यांची घाई चालली होती, बूट घालायचे राहून गेले."

हातातला बूट दाढीने उपडा करून नीट उन्हात ठेवला, दुसराही उपडा केला, आणि त्यांच्यासमोर उकिडवा बसून राहिला.

धक्क्याच्या फळ्या तापल्या होत्या. वहिनींचे तळवे भाजायला लागले. महिन्याभरात त्यांना काही लागलं ते हे पहिलंच, आणि त्यांनी पाय काढून घेतले नाहीत.