फिरती मूठ

"घरमा जे जे बंद शे ते समदं उघाडा," रूपीबाई सुईण बाळंतिणीच्या खोलीतून बाहेर येऊन म्हणाली. "पेट्या, डबा, समदं. गाठी बी सोडा. पोर अडेल शे."

लोटन लोहार उठला. धाकटी लेक कौसा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. आदल्या संध्याकाळपासून तिला कळा येत होत्या, आणि आता चैत्रातलं ऊन अंगणात उतरलं तरी सुटका होत नव्हती. बाहेर काही अडकलेलं असलं तर आत मूल अडकतं, असं आळीतल्या जुन्या बायका मानत. आणि लोटन तर कुलपांचाच कारागीर. भात्याशेजारी दुरुस्तीला आलेली कुलपं खुंट्यांवर टांगलेली असत; सारंगखेड्याचीच नव्हेत, पार शहाद्याची. त्यानं एकेकाला किल्ली लावून सगळी उघडी केली. त्याच्या बायकोनं, जमनाबाईनं, धान्याच्या मडक्यांवरची झाकणं काढली, देवघरातली कुंकवाची डबी उघडली, स्वतःचा अंबाडा सोडला. तिची एकादशी होती. ओठ सुकले होते आणि नामस्मरणानं हलत होते.

"ऱ्हायनं का काही?" रूपीबाईनं विचारलं.

ओसरीच्या टोकाच्या खोलीचं दार बंद होतं. त्या दाराची पितळी मूठ खाली जात होती, वर येत होती, पुन्हा खाली जात होती. आतून थोरली लेक सुगंधा ती दाबत होती.

सुगंधाचं सासर तापीच्या पैलतीरावर. देवीच्या साथीत तिचं तान्हं मूल गेलं आणि त्याच्यामागे तिचं मनही गेलं. सासरच्यांनी नावेत बसवून तिला माहेरी आणून सोडलं. तेव्हापासून "मन्हं बाळ रडी ऱ्हायनं" म्हणून ती नदीकडे धावे. गळ्याएवढ्या पाण्यातून तिला ओढून आणावं लागलं, तेही एकदाच नाही.

बाहेरून कडी घालून कुलूप लावणं सोपं होतं. पण घर घाटाच्या रस्त्यावर. पाण्याला जाणारी प्रत्येक बाई ते कुलूप पाहणार. शिवाय तेव्हा कौसाची सोयरीक चालली होती. "ढोरसारखी कोंडू का तिले?" असं म्हणून लोटन कामाला लागला. सरकारी बंगल्यावरचं मुठीचं कुलूप त्यानं एकदा खोलून पाहिलं होतं. दाराच्या जाडीतच बसणारी लोखंडी पेटी, चौकटीत शिरणारी जीभ, आणि दोन्ही बाजूंच्या मुठी जोडणारी चौकोनी दांडी. तसंच त्यानं केलं. पेटीत चार पाती बसवली, प्रत्येकाला दाबून धरणारी आपापली कमान. चारही पाती नेमकी आपल्या उंचीला उचलली गेल्याशिवाय जीभ हलणार नाही, आणि ती उचलणारी किल्ली एकच, त्याच्या कमरेला.

कुलूप पक्कं झालं. मूठ जागच्या जागी घट्ट. सुगंधा दिवसभर त्या मुठीला लोंबकळली. संध्याकाळी लोटननं पाहिलं तर चौकोनी दांडी पिळवटली होती आणि पोरीच्या तळहातांची सालटं निघाली होती.

मग त्यानं ते कुलूप पुन्हा मांडलं. मुठीच्या दांडीवर एक चकती, जिभेच्या बाजूला दुसरी, दोघींच्या मध्ये बोटाच्या पेराएवढी एक खुंटी. किल्लीनं पाती उचलली की खुंटी सरकून दोन्ही चकत्यांना एक करी, आणि मूठ दाबली की जीभ मागे येई. किल्ली नसेल तेव्हा चकत्या सुट्या. मूठ मग बोटानं दाबली तरी खाली जाई, सोडली की वर येई. जिभेला त्याचा पत्ताही नसे. कितीही जोर लावा, तुटायला तिथं काही नव्हतंच. युद्धामुळे पितळ मिळेना, तेव्हा जमनाबाईनं पूजेचं ताम्हन पुढे केलं. मुठी त्याच्याच झाल्या. देवाला मग ती कथलाच्या ताटलीत आंघोळ घालू लागली.

छगन नावाडी पाहायला आला होता. मूठ फिरवून फिरवून म्हणाला, "वा आप्पा! हाई तं सरकारसारखी शे. कितली बी फिराव, दार काय उघडस नै."

त्या दिवशी लोटनही हसला होता.

त्यानंतर घरात तो आवाज सुरू झाला. खट, खट. जमनाबाई तुळशीला पाणी घालताना, दिवा लावताना, पोथीपुढे बसताना. एकदा ती म्हणाली, "तिले वाटस आते उघडी. रोज वाटस."

"वाटू दे," लोटन म्हणाला. "हात तं सोलातस नै."

आता रूपीबाई त्या दाराकडे पाहत होती.

"ते ऱ्हावू द्या," लोटन म्हणाला. "तितलं एक."

"मी कोन सांगनारी? ती बी तुम्हनी, हाई बी तुम्हनी."

आतून कौसा ओरडली, "माय वं!" आणि तो आवाज मध्येच तुटला.

"उघाडा," जमनाबाई हळूच म्हणाली. "मी दारमा बठस."

"तू कौसानाजोडे ऱ्हाय. मी बठस."

लोटननं किल्ली फिरवली. खुंटी बसल्याचा बारीक आवाज झाला. त्यानं मूठ दाबली. जीभ मागे आली आणि दार आत गेलं. आतली मूठ सुगंधाच्या हातातून निसटली. ती मागे सरली. लोटन उंबऱ्यावर आडवा बसला आणि खोलीकडे पाठ केली. तिच्या तोंडाकडे पाहणं त्याला जमेना.

बराच वेळ गेला. मग रूपीबाईची हाक आली, "विळा! विळा तपाडीसन आना, लवकर!"

लोटन धावला. भाता ओढला, निखाऱ्यात विळा धरला, आणि तेवढ्यात रडण्याचा आवाज आला. चिरका, रागावलेला, तान्ह्या जिवाचा. विळा दाराशी देऊन तो वळला.

सुगंधाच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. आत गोधडी होती, पाण्याचा लोटा होता. माणूस नव्हतं.

"छगन! अरे छगन! सुगंधा निंघी गयी!"

घाटावर गाव जमलं. छगननं नाव डोहात घातली, पोरांनी बांबूंनी तळ चाचपला. लोटन छातीभर पाण्यात उभा राहून हाका मारत होता. कालीबाई परटीण पिळे खांद्यावर घेऊन सांगत होती, "आरे, मी सकायपशी आठे शे. कोनीच उनं नै!"

"तू मान खाले घालीसन कपडा आपटी ऱ्हायनी व्हती. तुले काय दिसनं?" कोणीतरी तिला झिडकारलं.

छगन पैलतीरापर्यंत जाऊन आला. डोहात काही लागलं नाही. ऊन कललं तेव्हा घाटाच्या पायऱ्यांवरून जमनाबाई येताना दिसली, मोकळ्या केसांनी, भिंतीला धरत.

"घर चाला," ती म्हणाली. "ती घरमाच शे."

"घरमा कथी?"

"दारना मांगे. लोटा आनाले गऊ तं दिसनी."

मग छगन नावेतच खाली बसला आणि खो खो हसू लागला. "आप्पा, आप्पा! समदा गावले न्हावू घालं तुम्ही! घर तं देखाले जोयजे व्हतं!"

सगळे हसले. कालीबाईनं पिळ्यांसकट हात जोडले. लोटनही हसत हसत पाण्याबाहेर आला, धोतर पिळायचंही त्याला सुचलं नाही.

उघडलेलं दार भिंतीच्या हातभर अलीकडे थांबलं होतं. दार आणि भिंत यांच्यामधल्या कोपऱ्यात सुगंधा गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. पलीकडच्या खोलीत बाळ रडत होतं. लोटन तिच्यापुढे बसला. त्याच्या अंगावरून पाणी गळत होतं.

"सुगंधा. दार उघडं शे, बेटा."

तिनं त्याच्याकडे पाहिलं.

"बाळ रडी ऱ्हायनं. तुले आयकू येस ना?"

"ते कौसानं शे," ती म्हणाली. आवाज अगदी स्वच्छ होता, लग्नाआधी होता तसा. "मन्हं आते रडस नै."

लोटननं हात पुढे केला. "चाल. आपन नदीवर जाऊत. मी येस तुन्हासंगे. चाल ना, माय."

तिनं तो हात पाहिला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

बाराव्या दिवशी बारसं झालं. कौसाच्या सासरची माणसं गाडी जुंपून आली, जेवली, बाळ-बाळंतिणीला घेऊन गेली. सुगंधाला त्यांनी पाहिलं नाही. ती खोलीबाहेर आलीच नव्हती. जेवणाचं ताट जमनाबाई उंबऱ्याच्या आत ठेवी. ती अर्धंमुर्धं खाई. दाराच्या मुठीला तिनं पुन्हा हात लावला नाही.

लोटननं एके सकाळी कुलूप काढलं. मग बिजागऱ्या काढून दारच उतरवलं आणि अंगणात भिंतीला टेकवून ठेवलं. जमनाबाईनं कारण विचारलं नाही. पण वैशाख लागला होता. दारच नाही म्हटल्यावर दुपारचं ऊन थेट आत शिरे, आणि ते पुढे येईल तशी सुगंधा अंग चोरत मागे सरे, शेवटी कोपऱ्यात पाय आखडून राही.

दोन दुपारी जमनाबाईनं ते पाहिलं. तिसऱ्या दिवशी पूजा आटोपून तिनं आपलं जुनं लुगडं आणलं आणि चौकटीपाशी उभी राहिली. लोटन भाता सोडून उठला. एक टोक त्यानं धरलं, एक तिनं, आणि वरच्या खिळ्यांना दोघांनी ते बांधलं.

आत सावली झाली.