उत्तराला लागणारा वेळ

मित्रांनो, मी एक जुना कॉम्प्युटर आहे. माझ्या पोटात चार प्रोसेसर आहेत. बटण दाबलं की पहिला जागा होतो आणि बाकीच्यांना हाक मारतो. हाक मारल्यावर पापणी लवेपर्यंत थांबायचं, अशी आज्ञाच कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, लिहिलेली होती.

पुढे शेकडो प्रोसेसरांची यंत्रं आली. तेवढ्या पापण्या लवेपर्यंत लोक ताटकळू लागले. मग ऑफिसात कर्नल लिहिणाऱ्या बाबांनी ते थांबणंच काढून टाकलं. या घरात सगळे त्यांना बाबा म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. नवी यंत्रं ताडकन उठली. ऑफिसात बाबांची वाहवा झाली. तोच नवा कर्नल माझ्यातही घातला, आणि मी मात्र एकाच प्रोसेसरवर लंगडू लागलो. बाकीचे तिघे हजेरीतून गळले होते.

"आजोबांचं आटोपलं," त्यांचा सहकारी माझ्या पाठीवर थाप मारत म्हणाला. "भंगारवाल्याला फोन करू?"

"थांब रे, तिघेही जिवंत आहेत," बाबा म्हणाले. "ते ओ देण्याआधीच आपण पुढे निघून जातोय."

त्यांनी कर्नलला नव्याने शिकवलं: यंत्र नवं असेल तर थांबू नकोस, जुनं असेल तर पूर्वीसारखं थांब. माझे तिघेही उठले.

निवृत्त होताना बाबांनी मला घरी आणलं. मग त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि मी कोपऱ्यात धूळ खात राहिलो. शब्द त्यांच्या आत तयार असत, ओठांवर मात्र फार उशिरा येत.

लेक कामाला निघता निघता डोकावे. "बाबा, पाणी हवंय? उशी सरकवू? बरं, पाणीच आणते."

"अगं, त्यांना तोंड तरी उघडू दे," आई म्हणे.

"आई, मला उशीर होतोय गं."

बाबांचे ओठ हलत आणि मिटत.

एका सुट्टीच्या दिवशी ती पाणी ठेवून पलंगाच्या कडेला टेकली, ती बसूनच राहिली. बऱ्याच वेळाने बाबा म्हणाले, "तुझी... मान... दुखतेय."

तिने हे कोणालाच सांगितलं नव्हतं.

"उशी... पातळ... घे."

इतके दिवस त्यांना एवढंच सांगायचं होतं.

पुढच्या आठवड्यात ते गेले. लेक अजून संध्याकाळी खोलीत येते, माझ्यावरची धूळ पुसते, "बाबा" म्हणते आणि रिकाम्या पलंगाजवळ थांबते. आता तिला कसलीच घाई नसते. मित्रांनो, तुमच्या घरात कोणी सावकाश बोलत असेल, तर त्यांना आजच काहीतरी विचारा, आणि विचारून तिथेच बसा.